नोंदींची अखंड सेवा : रुग्णालयातील डेटाबेसची उपलब्धता व देखभाल

रुग्णसेवेचा विचार मनात येताच डॉक्टर, परिचारिका, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि औषधालय ही चित्रे आपल्यापुढे सहज उभी राहतात. या सर्वांना जोडणारा धागा मात्र सहसा दृष्टीस पडत नाही. तो धागा म्हणजे रुग्णाची नोंद. रुग्णाचा रक्तगट कोणता, कोणत्या औषधाची त्याला बाधा होते, सकाळी तपासलेल्या रक्तातील पोटॅशियम किती होते, मागील खेपेस कोणती शस्त्रक्रिया झाली, या प्रश्नांची उत्तरे मध्यरात्रीही तत्काळ मिळावी लागतात. एके काळी ती केसपेपरांच्या गठ्ठ्यांत असत. आज बहुतांश मोठ्या रुग्णालयांत ती संगणकीय डेटाबेसमध्ये असतात. हा डेटाबेस अखंड चालू कसा राहतो, तो कशाने बंद पडतो आणि त्यासाठी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांनी कोणती जाण ठेवावी, याचा परिचय करून देण्याच्या हेतूने हा अभ्यासलेख सादर करीत आहोत.

डेटाबेस म्हणजे काय?

डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांचा सुव्यवस्थित संग्रह होय. आज सर्वत्र रूढ असलेल्या या पद्धतीचा पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञांनी आयबीएम कंपनीत कार्यरत असताना १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने घातला. एका कोष्टकात रुग्णाचे नाव व पत्ता, दुसऱ्यात तपासण्या, तिसऱ्यात औषधे, चौथ्यात देयके अशी मांडणी असते आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक या सर्वांना एकत्र बांधतो.

या व्यवस्थेचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे व्यवहाराची अखंडता. रक्तपेढीतून एक पिशवी एखाद्या रुग्णासाठी दिली गेली, तर साठ्यातून ती वजा होणे आणि रुग्णाच्या नावे लिहिली जाणे, या दोन्ही गोष्टी एकत्रच घडल्या पाहिजेत. मध्येच वीज गेली तर दोन्ही नोंदी पूर्ण व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. अर्धवट नोंद रुग्णास घातक ठरू शकते.

हे कसे साधते, ते आपल्या हिशेबाच्या जुन्या रीतीवरून सहज समजते. मुनीम व्यवहार झाल्याबरोबर तो प्रथम कीर्दीत लिहितात आणि सवडीने खतावणीत चढवतात. खतावणीचे काम अर्धवट राहिले तरी कीर्द शाबूत असेल तर सर्व हिशेब पुन्हा उभा करता येतो. डेटाबेसही असेच करतो. प्रत्येक बदल तो आधी क्रमवार लॉगमध्ये, म्हणजे आपल्या कीर्दीत, पक्का करतो आणि मग कोष्टकांत उतरवतो. या लेखात पुढे ‘कीर्द’ हा शब्द याच अर्थी वापरला आहे.

उपलब्धतेचे गणित

‘आमची यंत्रणा ९९ टक्के वेळ चालू असते’ हे विधान ऐकावयास समाधानकारक वाटते. परंतु वर्षातील ८,७६० तासांचा एक टक्का म्हणजे ८७.६ तास, अर्थात साडेतीन दिवसांहून अधिक काळ. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तासांचा खंड, ९९.९९ टक्के म्हणजे साडेबावन्न मिनिटे, आणि ९९.९९९ टक्के म्हणजे केवळ सव्वापाच मिनिटे. पुढचा प्रत्येक नऊ मिळवण्यासाठी खर्च व शिस्त या दोहोंची मागणी वाढत जाते.

येथे आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. सर्व्हर, साठवण यंत्रणा, नेटवर्क आणि वीज या चारही गोष्टी एकामागोमाग एक अशा साखळीत असतात. चौघांची उपलब्धता स्वतंत्रपणे ९९.९ टक्के असली, तरी चौघे मिळून ती सुमारे ९९.६ टक्क्यांवर येते आणि वर्षाचा खंड ३५ तासांच्या घरात जातो. म्हणून केवळ एक महागडा सर्व्हर घेऊन प्रश्न सुटत नाही. साखळीची प्रत्येक कडी दुहेरी करावी लागते : दोन डिस्क, दोन वीजपुरवठे, दोन नेटवर्क मार्ग, आणि यूपीएसच्या पाठीशी जनरेटर.

टक्केवारीपेक्षाही दोन साधे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. पहिला : यंत्रणा बंद पडल्यास ती किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे? दुसरा : शेवटच्या किती वेळातील नोंदी गमावणे आपणांस सोसेल? रक्तपेढी व अतिदक्षता विभाग यांच्यासाठी दोन्ही उत्तरे काही मिनिटांत मोजावी लागतील. भांडार विभागास एक दिवस चालू शकेल. ही उत्तरे संगणक विभागाने परस्पर ठरवू नयेत. ती वैद्यकीय मंडळींनी सांगावीत व विश्वस्तांनी मान्य करावीत, कारण त्यांवरच खर्च ठरतो.

राखीव सर्व्हर आणि दोन कारभाऱ्यांचा धोका

मुख्य सर्व्हर बंद पडला तरी सेवा थांबू नये म्हणून दुसरा राखीव सर्व्हर ठेवतात. मुख्य सर्व्हरच्या कीर्दीतील प्रत्येक ओळ त्याच्याकडे सतत जात असते. याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत राखीव सर्व्हरने ‘मिळाले’ असे सांगितल्यावरच नोंद पक्की मानतात. यात पोच मिळालेली नोंद सहसा हरवत नाही, परंतु दोघांमधील अंतर जास्त असल्यास प्रत्येक नोंदीस विलंब होतो. दुसऱ्या रीतीत मुख्य सर्व्हर थांबत नाही. राखीव सर्व्हर किंचित मागून चालतो. यात गती मिळते, पण अपघात झाल्यास शेवटच्या काही क्षणांतील नोंदी मागे राहू शकतात.

याहून गंभीर धोका निराळा आहे. दोन सर्व्हरमधील संपर्क तुटला आणि राखीव सर्व्हरने ‘मुख्य बंद पडला’ असे मानून कारभार हाती घेतला, तर दोघेही स्वतःस मुख्य समजून नोंदी घेऊ लागतात. एकाच दुकानाच्या दोन स्वतंत्र कीर्दी सुरू व्हाव्यात, तसे हे होय. त्या नंतर जुळवणे अतिशय अवघड असते. यासाठी तिसरा साक्षीदार नेमतात. तिघांपैकी दोघांचे एकमत झाल्याखेरीज कोणीही कारभार हाती घेत नाही.

संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांचे काम साठवणाऱ्या गिटहब या कंपनीचा अनुभव येथे उद्बोधक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तिच्या केंद्राचा नेटवर्क संपर्क देखभालीच्या कामात अवघे ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने कारभार पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरकडे सोपवला. तोवर पूर्वेकडे अशा काही नोंदी झाल्या होत्या ज्या पश्चिमेकडे पोहोचल्या नव्हत्या. आणि नंतर पश्चिमेकडे अशा नोंदी झाल्या ज्या पूर्वेकडे नव्हत्या. कंपनीने घाईने सेवा पूर्ववत करण्याऐवजी नोंदींची शुद्धता जपण्याचा निर्णय घेतला आणि सर्व काही सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्रेचाळीस सेकंदांच्या खंडाची ही किंमत होती. स्वयंचलित बदल ही सोय खरी. परंतु तो केव्हा व्हावा आणि केव्हा माणसाने निर्णय घ्यावा, हे शांतपणे आधीच लिहून ठेवलेले असावे.

राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राखीव सर्व्हर यंत्र बिघडण्यापासून वाचवतो. चुकीच्या आदेशापासून वाचवत नाही. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून एक कोष्टक पुसले, तर तो आदेशही कीर्दीतून राखीव सर्व्हरकडे जातो आणि तेथेही तत्परतेने पाळला जातो. अशा वेळी उपयोगी पडतो तो बॅकअप, म्हणजे ठरावीक वेळी घेऊन बाजूला ठेवलेली पूर्ण प्रत आणि त्यानंतरच्या कीर्दीची जतन केलेली पाने. पूर्ण प्रतीवर ही पाने क्रमाने चढवीत गेल्यास, चुकीचा आदेश देण्याच्या एक क्षण आधीपर्यंतची स्थिती पुन्हा उभी करता येते.

परंतु बॅकअप घेतला जातो असे मानणे आणि तो खरोखर उपयोगी पडणे, यांत फार अंतर असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत राखीव सर्व्हर दुरुस्त करीत असताना मुख्य सर्व्हरवरील माहितीच चुकून पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साधारण साडेचार गिगाबाइट उरले. तेव्हा असे आढळले की, रोजचा म्हणून गृहीत धरलेला बॅकअप आवृत्तीतील फरकामुळे होतच नव्हता आणि तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती होती. तिच्यावरून काम उभे राहिले आणि मधल्या सहा तासांतील माहिती गमावली गेली. कंपनीने हा सर्व वृत्तान्त लपविला नाही, तो जाहीर केला. म्हणूनच आपणांस त्यातून शिकता येते.

बोध स्पष्ट आहे. जो बॅकअप प्रत्यक्ष उतरवून पाहिलेला नाही, तो आहे असे धरून चालू नये. ठरावीक कालावधीने बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उभा करून, रुग्णसंख्या व देयकांची बेरीज जुळते का हे पडताळून पाहावे आणि त्यास किती वेळ लागला त्याची नोंद ठेवावी. वेळेचे मोजमाप यासाठी की, दर सेकंदास १०० मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइट माहिती नुसती परत आणण्यासच सुमारे पावणेतीन तास लागतात. तेवढा वेळ अतिदक्षता विभागास परवडेल काय, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

एकाच छपराखाली दोन प्रती

लंडनमधील गाइज अँड सेंट थॉमस या सार्वजनिक रुग्णालय संस्थेची दोन संगणक केंद्रे होती. १९ जुलै २०२२ रोजी तेथील तापमान ४० अंश सेल्सियसपर्यंत चढले आणि दोन्ही केंद्रांतील शीतकरण त्या उष्णतेपुढे अपुरे पडले. दोन्ही केंद्रे एकाच दिवशी बंद पडली, शेकडो संगणकप्रणाली थांबल्या आणि डॉक्टरांना कागदावर काम करावे लागले. सर्व काही पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. केंद्रे दोन होती, परंतु दोघांची दुर्बलता एकच होती.

महाराष्ट्रात उन्हाळा, पावसाळ्यातील पाणी आणि विजेचा लपंडाव हे आपल्या परिचयाचे आहेत. सर्व्हरची खोली तळघरात असू नये, तिच्यावरून पाण्याची नळी जाऊ नये, तेथील वातानुकूलन यंत्रे एकाहून अधिक असावीत व ती जनरेटरवर चालावीत, या गोष्टी साध्या आहेत. पण आपत्तीच्या दिवशी त्याच निर्णायक ठरतात.

खंडणीखोरांचा धोका

अलीकडच्या काळात यंत्राच्या बिघाडाइतकाच मोठा धोका हल्लेखोरांचा आहे. ते माहिती कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशा हल्ल्याने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांच्या कामात अडथळा आणला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती. दोन महिने हाती असूनही अनेक ठिकाणी ती बसवली गेली नव्हती.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, प्रयोगशाळा व देयके यांचे काम कागदावर करावे लागले आणि बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे गेले. ई-हॉस्पिटलची माहिती मात्र हल्ल्यापासून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली. त्या एका प्रतीचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे.

यासाठी जाणकार एक सोपा नियम सांगतात : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर. यास आज आणखी एक जोड द्यावी लागते. किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्णतः तोडलेली असावी, म्हणजे हल्लेखोराचा हात तेथवर पोहोचणार नाही. अशी घटना घडल्यास ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, हेही विश्वस्तांनी ध्यानी ठेवावे.

रोजची देखभाल

मोठे अपघात लक्षात राहतात; परंतु बहुतेक डेटाबेस आजारी पडतात ते दुर्लक्षाने. डिस्क हळूहळू भरत जाते आणि एके दिवशी कीर्द लिहिण्यासही जागा उरत नाही. मग सर्व व्यवहार थांबतात. म्हणून जागा संपण्याच्या पुष्कळ आधी इशारा मिळण्याची व्यवस्था हवी. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची डेटाबेसमध्येही असते. ती योग्य नसेल तर एका रुग्णाचा अहवाल शोधण्यासाठी लाखो ओळी चाळाव्या लागतात आणि ओपीडीच्या खिडकीवर रांग वाढते. पोस्टग्रेस या बहुप्रचलित डेटाबेसमध्ये बदललेल्या व पुसलेल्या नोंदींच्या जुन्या आवृत्त्या लगेच नाहीशा होत नाहीत. त्यांची झाडलोट वेळोवेळी करावी लागते. ती दीर्घकाळ न केल्यास गती मंदावते आणि अखेरीस नवे व्यवहार स्वीकारणेही थांबते.

याखेरीज नोंदींची शुद्धता तपासणे, दुरुस्त्या वेळेवर बसवणे आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे प्रवेश तत्काळ बंद करणे, ही नित्याची कामे आहेत. येथेच राखीव सर्व्हरचा आणखी एक उपयोग दिसतो. दुरुस्ती प्रथम राखीव सर्व्हरवर बसवावी, सर्व ठीक असल्याची खात्री करावी, कारभार त्याच्याकडे सोपवावा आणि मग मुख्य सर्व्हरची दुरुस्ती करावी. अशा रीतीने अगदी थोड्या क्षणांच्या खंडात देखभाल पार पडते. अखंड सेवा आणि नियमित देखभाल यांत विरोध नाही. एकीमुळेच दुसरी शक्य होते.

इतके करूनही यंत्रणा कधी ना कधी थांबणारच. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात छापील अर्ज तयार असावेत, दाखल रुग्णांची ताजी यादी ठरावीक वेळाने छापली जावी, तात्पुरते नोंदणी क्रमांक आधीच राखून ठेवावेत आणि यंत्रणा सुरू झाल्यावर कागदावरील नोंदी कोणी, कोणत्या क्रमाने चढवाव्यात हे ठरलेले असावे. अग्निशमनाची जशी रंगीत तालीम होते, तशी याचीही व्हावी.

आपणांस काय करता येईल?

विश्वस्तांनी वर्षातून दोनदा तरी चार प्रश्न विचारावेत : शेवटचा बॅकअप प्रत्यक्ष उतरवून केव्हा पाहिला? त्यास किती वेळ लागला? नेटवर्कपासून तोडलेली प्रत कोठे आहे? आणि हे काम जाणणारी एकच व्यक्ती आहे की दोन? धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, तसेच निर्धन रुग्ण निधीचा हिशेब ठेवावा लागतो. हा सर्व हिशेबही याच डेटाबेसमध्ये असतो. ती नोंद हरवली, तर गरीब रुग्णास दिलेल्या सवलतीचा पुरावाच हरवतो.

रुग्णांच्या आप्तांनी डिस्चार्ज कार्ड, महत्त्वाचे अहवाल आणि नोंदणी क्रमांक यांची एक प्रत घरी जपून ठेवावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने अथवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे वचन पाळता यावे, म्हणूनही नोंद शाबूत राहावी लागते.

देणगीदारांस आमची एक नम्र विनंती आहे. नवे यंत्र घेण्यासाठी आपण सढळ हाताने देता आणि त्याबद्दल रुग्णालय आपले ऋणी आहे. यंत्रावर नावाची पाटी लावता येते. बॅकअपची पडताळणी, राखीव सर्व्हरचे नूतनीकरण आणि रात्रपाळीच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे वेतन यांवर मात्र पाटी लागत नाही. तरीही पूर्वजांनी विहीर बांधली, तेव्हा तिचा गाळ काढण्याचीही तजवीज केली होती. संगणकीय नोंदींच्या या विहिरीचा गाळ दरवर्षी काढावा लागेल. देखभालीसाठी दिलेला रुपया कोणास दिसणार नाही. परंतु मध्यरात्री आलेल्या एखाद्या अपघातग्रस्ताचा रक्तगट पडद्यावर क्षणात उमटेल, तेव्हा तो सार्थकी लागलेला असेल. आपल्या अशा सहकार्याची आम्ही आस्थेने अपेक्षा करीत आहोत.